खाली मान घालून

रोलायफ्लेक्स हा दोन भिंगांचा जर्मन कॅमेरा १९२९ साली निघाला. एका भिंगाने पाहावयाचे, दुसऱ्याने चित्र घ्यावयाचे. घेणारा समोर पाहत नाही. पोटाशी धरलेल्या काचेत मान खाली घालून पाहतो. एवढ्यावरून हा कॅमेरा मोठा विनयशील, असे म्हणण्याची रसिकांत चाल पडली आहे. नजरेला नजर भिडत नाही, रस्त्यावरचा माणूस बिचकत नाही, म्हणून चित्र खरे उतरते म्हणे. गेल्या पावसाळ्यापर्यंत मीही हेच म्हणत असे.

पौडच्या एस.टी. थांब्यावर माझी खोड मोडली. असाच एक जुना कॅमेरा घेऊन मी उभा होतो. काचेत डावे-उजवे उलटते. पुण्याकडे निघालेली गाडी ताम्हिणीकडे जाताना दिसते! एका फिल्मवर चित्रे अवघी बारा, त्यामुळे हात आखडता. पाटीवर हात टेकून एक आजी बसली होती. मी हळूच कळ दाबली.

"बाळा, त्या डब्यात काय शोधतोयस?"

"तुम्हीच दिसताय, आजी."

ती हसली, पदर सावरून ताठ बसली. मौज गेली, असे मनाशी म्हणत मी दुसरे चित्र घेतले. फिल्म धुतली तेव्हा पहिल्या चित्रात कोणीतरी एक दमलेली म्हातारी निघाली. दुसऱ्यात मला विचारणारी आजी होती.

होमाई व्यारावाला यांची मुंबईची चित्रे त्यानंतर मी पुन्हा काढून पाहिली. होमाईबाईंचा जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. हाती रोलायफ्लेक्स. सुरुवातीची चित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. (पाहणार बाई आणि सही बुवांची!) १९४२ साली त्या दिल्लीस गेल्या आणि नेहरू, माउंटबॅटन यांच्या चित्रांनी कीर्ती झाली. माझे मत विचाराल तर मुंबईच सरस. दिल्लीतली माणसे कॅमेऱ्याला सरावलेली. चेहरा घरूनच लावून आलेली.

मुंबईत त्यांची मैत्रीण रेहाना मोगल आहे. आपल्याला कोण पाहते आहे हे तिला पक्के ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणे हाच त्या चित्रांचा प्राण. हे नटणे झाले, रस्ता कुठे आहे, असा आक्षेप येईल. तो अगदीच खोटा नाही. काही ठिकाणी ऐट मुद्दाम बसवल्यासारखी वाटते. शिवाय त्या ऐटीचा थोडा वाटा यंत्राचा. कमरेच्या उंचीवरून पाहिले की क्षितिज खाली राहते आणि माणसाचे डोके आभाळात जाते. कोणीही थोडे उंच दिसते. पण चौरस चौकटीत ती पोर जशी निर्धास्त उभी राहते, ते काही भिंग देत नाही. ते मैत्रिणीने मैत्रिणीला दिलेले आहे. रंग नसल्यामुळे लुगड्याच्या किमतीकडे लक्ष जात नाही, उभे राहण्याकडे जाते. खाली घातलेली मान तिथे विनयाची खरी. माझी पहिल्या चित्राच्या वेळची लपण्याची होती.

दुसरे चित्र मोठे करून मी पौडला नेले. आजी भेटली नाही. थांब्याजवळच्या टपरीवाल्याने ओळखले आणि ठेवून घेतले. पहिले अजून माझ्या खणात आहे.