'अम्ल' हा प्रतिशब्द : चिनी पंचरस व भारतीय षड्रस

चिनी वैद्यकातील 'सुआन' ह्या रससंज्ञेला मराठीत 'अम्ल' हा प्रतिशब्द सहज सुचतो. जिभेच्या साक्षीपुरता तो योग्यच आहे. परंतु औषधाच्या कार्याचा प्रश्न येताच तो वाचकाला उलट दिशेला नेतो.

'सू-वेन' ह्या प्राचीन चिनी ग्रंथानुसार 'सुआन'चे कार्य आवरून धरणे हे होय. म्हणून अनावर घामावर वू-वेइ-त्झ हे फळ आणि जुनाट अतिसारावर धुरावलेले वू-मेइ हे फळ योजितात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ व्या अध्यायात अम्लरसाची ओळख निराळी आहे. त्याने दात आंबतात, तोंडाला पाणी सुटते, घाम येतो. त्याच्या अतियोगाने शरीर शिथिल होते. आवरून धरण्याचे, म्हणजे स्तंभनाचे व संग्रहणाचे, कार्य चरकाने कषायरसाकडे सोपविले आहे.

ह्या विरोधाचे मूळ मुख्यत: वर्गीकरणात आहे. चिनी परंपरा पाच रस मानून तुरटपणाचा अंतर्भाव आंबटात करते. भारतीय परंपरा त्याला सहावा रस मानते. मराठी भाषा येथे षड्रसांच्या बाजूची आहे. 'अम्ल'पासून 'आंबट' व 'आंबील', आणि 'तुवर'पासून 'तुरट', असे भिन्न शब्द तिने राखले आहेत. गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनीच्या परिसरात अंबाडीची भाजी किंवा चिंच ही नुसती आंबटच. तेथील रानातल्या आवळ्याला मात्र 'आंबट-तुरट' असा जोडशब्द लागतो. सुश्रुतानेही आवळ्याची अशीच फोड केली आहे : तो अम्लत्वाने वात, माधुर्य व शैत्य ह्यांनी पित्त आणि रूक्ष-कषायत्वाने कफ जिंकतो.

हा भेद केवळ कोशकाराच्या उपयोगाचा नव्हे. 'अम्लरस अतिसार थांबवितो' असे भाषांतर वाचून कोणी पिकलेली चिंच घेतली, तर ती सारक असल्याने अपायच संभवतो. तेव्हा जेथे केवळ रुची अभिप्रेत असेल तेथे 'आंबट', आणि जेथे कार्य अभिप्रेत असेल तेथे 'अम्ल-कषाय' म्हणणे इष्ट होय. 'सू-वेन'मध्ये ह्या रसाचा यकृताशी व स्नायूंशी जो संबंध जोडला आहे, तो मात्र ह्या जोडशब्दातही मावत नाही. तेथे मूळ संज्ञाच ठेवून तिचा अर्थ विशद करणे हाच प्रामाणिक मार्ग ठरतो.