जाहिरात आणि विराम

व्याख्यानाचा धंदा करावा का, हा आपल्याकडचा जुना वाद. मार्क ट्वेनने तो उघडपणे केला. १८६६ साली सान फ्रान्सिस्कोतल्या पहिल्या व्याख्यानाची त्याची जाहिरात म्हणे : दरवाजे सातला उघडतील, त्रास आठला सुरू होईल. सभागृह भरले. पुढे प्रकाशनसंस्था बुडाली, तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर तो कर्जफेडीसाठी जगभर बोलत फिरला. १८९६ साली मुंबई, पुणे, बडोदे येथेही. १८९८ पर्यंत पै न् पै फिटली.

पण तिकीट खपवणे वेगळे, श्रोता राखणे वेगळे. ते मर्म त्याच्या १८९५ च्या 'हाउ टु टेल अ स्टोरी' या निबंधात आहे. विराम नेमका हवा. लांबला की श्रोता पुढचे ओळखतो, आखूड पडला की घाव हुकतो. हे मला पटते. मात्र सांगण्याच्या ढंगावर उभी राहणारी विनोदी गोष्ट अमेरिकेचीच, हा त्याचा दावा पटत नाही. उत्तररंगातले आख्यान रंगवणारा आपला कीर्तनकार दुसरे काय करतो? आमच्या दोन भाषांच्या गावात तर अर्धी सभा मनात भाषांतर करीत ऐकते. तिथे विराम किंचित लांबच हवा. हे न जाणणाऱ्या वक्त्याची जाहिरात कितीही मोठी असो, पुढल्या वर्षी खुर्च्या रिकाम्याच राहतात.