‘रॉक मशीन’ पुन्हा ऐकताना

मुंबईच्या ‘रॉक मशीन’चा पहिला अल्बम ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ १९८८चा. तेव्हा ‘ही नक्कल’ म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. परवा नाशिकात घरी पुन्हा ऐकला आणि वाटलं, चूक आमचीच. गिटारचा थाट, आरोळ्या उसन्या, हे खरंच. पण आपल्याकडचे बहुतेक बँड तेव्हा परदेशी गाणी वाजवीत. यांनी स्वतःची रचली. आणि उसनेपणाचं म्हणाल, तर किर्लोस्करांनी ‘सौभद्रा’त कानडी चाली घेतल्याच की! पुढे १९९३ साली बँडचं नाव ‘इंडस क्रीड’ झालं. नावात सिंधू आली म्हणून भारतीयत्व येतं काय? उदय बेनेगल, महेश तिनईकर आधीपासून इथलेच होते. शब्द मात्र कच्चे. ते तेव्हाही खटकले, आजही खटकतात.