तुकडोजी महाराजांची देशभक्तिपर पदे : एक विचार

तुकडोजी महाराजांच्या पदरचनेविषयी वऱ्हाडात श्रद्धेने पुष्कळ लिहिले गेले. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी मात्र ती प्रचारपर म्हणून बहुधा बाजूस सारली. दोन्ही पक्षी परीक्षणाचे काम टळले, असे आम्हांस वाटते.

अमरावतीजवळील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे भजन गाऊन मिळालेल्या भिक्षेच्या तुकड्यांवर वाढले. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिलेले ‘तुकड्या’ हे नाव पुढे ‘तुकड्यादास’ या नाममुद्रेत स्थिरावले. देशभक्तीच्या पदातही अखेरीस हीच मुद्रा येते, तीच खंजिरी वाजते, ध्रुपद समुदायच उचलतो. देवाच्या भजनातून आपण देशाच्या भजनात केव्हा आलो, हे श्रोत्यास उमगतही नाही. ऑगस्ट १९४२ मधील चिमूर-आष्टीच्या उठावानंतर एका भजनकारास अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवणे सरकारला अगत्याचे का वाटले, याचे मर्म या रचनेत शोधले पाहिजे.

छापील पानावर ही पदे फिकी पडतात, हे मान्य करावयास हवे. प्रतिमा ठरीव, यमके सैल, आणि एकच विचार कडव्याकडव्यांतून फिरत राहतो. परंतु निरक्षर शेतकऱ्यास एका रात्रीत पाठ व्हावे, यासाठी ही पुनरुक्ती आवश्यकच होती. मराठीबरोबर त्यांनी हिंदीतही विपुल रचना केली, तीही श्रोतृवर्ग ओळखूनच. तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात दोन्ही भाषा नांदत होत्या.

१९५५ च्या ‘ग्रामगीते’त मात्र खंजिरी मागे राहते. एकेचाळीस अध्यायांच्या या ओवीबद्ध ग्रंथात विचाराला विस्तार लाभला, पण पदांतला तो झपाटा उरला नाही. (ग्रंथाच्या भक्तांस हे मत रुचणार नाही, हे आम्ही जाणतो.)

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निधन झाले. त्यांच्या समक्ष गायिलेले भजनकरी आता मोजकेच असणार. पदसंग्रह शब्द देतात. चाल व खंजिरीचा ठेका देत नाहीत. मोझरीच्या गुरुकुंजात, तसेच अमरावती-अकोल्याकडील खेड्यांत श्रीगुरुदेव सेवामंडळाची वृद्ध मंडळी आहेत तोवर चाली लिपिबद्ध व ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. पाठभेदांचा विचार त्यानंतर करता येईल.