पाटी पुसली तरी नागोठणं सापडतं

रोह्याला कॉलेजात असताना मी पेपरात बिनधास्त लिहायचे: ‘शाइन-डालगार्नो क्रमाशिवाय जिवाणूंत ट्रान्सलेशन सुरू होत नाही.’ मार्क मिळायचे. पुढे पीएचडीत ‘निगेटिव्ह कंट्रोल’ म्हणून तोच क्रम काढून टाकला, तरी थोडं प्रथिन दिसतच राहिलं. दोन महिने मी माझ्या हातालाच दोष देत बसले!

मूळ प्रश्न साधा आहे. प्रथिनाची सुरुवात बहुधा एयूजी या तीन अक्षरांनी होते, पण एमआरएनएवर एयूजी कितीदा तरी येतो. मग रायबोसोमला सुरुवातीचा कसा कळतो? १९७४ मध्ये शाइन आणि डालगार्नो यांनी सुचवलं, की एयूजीच्या जरा आधीचा जीजीएजीजीसारखा तुकडा रायबोसोमच्या १६एस आरएनएच्या टोकाशी जोडी जमवतो. १९८७ मध्ये हुई आणि डी बोअर यांनी दोन्हीकडची अक्षरं जुळवून बदलली, आणि बदललेला रायबोसोम बदललेला संदेश वाचू लागला. पुरावा भक्कमच. पण पुस्तकांनी ‘मदत करतो’चं ‘पत्ता सांगतो’ करून टाकलं.

२०२० मध्ये ‘ईलाइफ’मध्ये साइतो, ग्रीन आणि बस्कर्क यांनी ई. कोलायमध्ये ते टोकच बदललं. बदललेले रायबोसोम खुणेनं वेगळे काढले आणि ते एमआरएनएवर कुठे बसलेत ते सगळ्या जनुकांवर पाहिलं. कुठलं प्रथिन किती बनतं ते बदललं, पण सुरुवात योग्य जागीच होत राहिली.

पेण-रोहा गाडीत बसा. कासू गेलं की नागोठणं. पाटी पुसली तरी रोजचा माणूस बरोबर उतरतो, कारण त्याला बाकीच्या खुणा ठाऊक असतात. इथे त्या खुणा म्हणजे स्वतः एयूजी, घडी न पडलेला मोकळा एमआरएनए, आणि आधीच्या भागात जास्त असलेली ‘ए’ अक्षरं.

पेपर मला आवडला, तरी दोन तक्रारी आहेत. पेशीत नेहमीचे रायबोसोमही काम करत होते. नुसत्या बदललेल्यांवर ती जगेल का, हे यातून कळत नाही. आणि खऱ्या जनुकांत या सगळ्या खुणा एकत्रच असतात, म्हणून एक काढून बाकीच्यांचा वाटा नीट मोजता येत नाही.

तेव्हा ज्युनिअर मंडळी, पेपरात असं लिहा: शाइन-डालगार्नो ‘किती’ला हात देतो, ‘कुठे’ हे अनेक खुणा मिळून ठरवतात. आणि तो क्रम काढलेला क्लोन शून्य समजू नका. माझे दोन महिने त्यातच गेले.