कच्चा आवाज कोणाचा? : लिंडा पेरी आणि पडद्यामागचं कर्तेपण



आजचा विषय पाहून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांनी रॉक संगीतावर काय बोलायचं? पण हा प्रश्न आमच्याकडे आला तोच मुळी वर्गातून. 1990च्या दशकात एका विद्यार्थ्याने आम्हाला एक कॅसेट आणून दिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फोर नॉन ब्लॉन्ड्स' या बँडचं 'व्हॉट्स अप?' हे गाणं त्यात होतं. गिटारचे मोजके स्वर आणि त्यावर गळ्याच्या शिरा ताणून गाणारी एक बाई. गाणं तिनेच लिहिलेलं. तो मुलगा म्हणाला, "सर, हिचं सगळं खरं आहे." 'खरं' म्हणजे काय, हे आम्ही त्याला तेव्हा विचारलं नाही. ते आज विचारू.

ती बाई म्हणजे लिंडा पेरी. बँडचा अल्बम 1992चा, हे गाणं 1993 साली जगभर गाजलं. ब्रिटनच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, अमेरिकेत चौदाव्या. पुढच्याच वर्षी तिने बँड सोडला. 1996 साली 'इन फ्लाइट' हा तिचा स्वतःचा अल्बम आला, पण तो फारसा चालला नाही. आणि मग 2001पासून तिचं नाव दिसू लागलं ते इतरांच्या रेकॉर्डवर, बारीक अक्षरांत : गीतकार, प्रोड्यूसर. पिंक, क्रिस्टिना अ‍ॅगिलेरा, ग्वेन स्टेफनी अशा पॉप गायिकांसाठी ती काम करू लागली.

रॉकच्या चाहत्यांना अशी वाटचाल उतरंडीसारखी वाटते. मंचावर उभं राहून स्वतःचं दुःख स्वतःच्या तोंडाने गाणारी व्यक्ती आता ऑर्डरप्रमाणे गाणी पुरवते, असा त्यांचा सूर असतो. आपल्याला हा आक्षेप जरा परकाच वाटेल. आपल्या भावगीतात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा. म्हणून ते गाणं खोटं ठरतं असं कोणी म्हणत नाही. पण रॉकची नीती निराळी आहे. तिथे लिहिणारा आणि गाणारा एकच असणं, हा सच्चेपणाचा पुरावा मानला जातो. आमचं म्हणणं असं की पेरीच्या बाबतीत हा पुरावाच चुकीच्या जागी शोधला जातो. तिने आपलं काम सोडलं नाही. आपलं काम नेमकं कोणतं, हे तिला ओळखता आलं.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. 'निर्माता' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमाला पैसा लावणारा माणूस येतो. रेकॉर्डचा प्रोड्यूसर तो नव्हे. कोणतं वाद्य ठेवायचं, कोणतं काढायचं, दहा वेळा गाऊन घेतल्यावर त्यातलं कोणतं गायन ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचं, हे ठरवणारा तो. त्याचा हात गाण्यात कुठेच दिसत नाही आणि सगळीकडे असतो.

आता 'व्हॉट्स अप?'कडे परत जाऊ. अल्बमच्या प्रोड्यूसरने या गाण्याला जे रूप दिलं होतं, ते पेरीला पसंत नव्हतं. तिच्या साध्या, कच्च्या नमुना-ध्वनिमुद्रणात जे होतं ते त्यात हरवलं, असं तिला वाटलं. तिने घाईघाईने ते गाणं पुन्हा मुद्रित केलं. आपण जे ऐकतो ते हे दुसरं रूप, आणि त्याचं प्रोड्यूसर म्हणून श्रेय मात्र आपल्याला मिळालं नाही, असं तिने पुढे वारंवार सांगितलं आहे. म्हणजे बघा, प्रोड्यूसर होण्याआधीच ती ते काम करत होती.

दुसरा प्रसंग 2002चा. अ‍ॅगिलेरा तिच्या घरी आली. पेरीने पियानोवर 'ब्यूटिफुल' हे आपलं गाणं ऐकवलं आणि ते तिला हवंसं झालं. नमुना म्हणून एक तात्पुरतं गायन झालं. गाण्याच्या आरंभी ती सोबतच्या मैत्रिणीला, माझ्याकडे बघू नकोस, असं कुजबुजते. ही कुजबुज ऐकून पेरीला वाटलं की हे गाणं हिचंच आहे. पुढे अ‍ॅगिलेराला ते पुन्हा, नीट गायचं होतं. इतकी तयार गायिका ती, तिला आपल्या त्रुटी ऐकू येणारच. पेरी मात्र हटून बसली. शेवटी ते पहिलं गायनच प्रसिद्ध झालं, त्या कुजबुजीसकट. आणि 2004 साली सर्वोत्कृष्ट पॉप गायिकेचं ग्रॅमी अ‍ॅगिलेराला मिळालं ते याच गायनासाठी. जे गायन स्वतः गायिकेला पुसून टाकायचं होतं, त्यालाच उत्तम गायनाचं बक्षीस! ते पुसू न देणाऱ्या कानाला त्या बक्षिसात जागा नव्हती.

आता कोणी म्हणेल, आणि योग्यच म्हणेल : इथे न्याय कुठे आहे? स्वतःचं गाणं दुसऱ्याने बदललं म्हणून चिडलेली हीच बाई पुढे दुसरीची इच्छा डावलते. आवाज कोणाचा? ज्याचा गळा त्याचा, की ज्याचा कान त्याचा?

कॉलिंगवूड यांच्या 1938च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट'मध्ये एक उपयोगी भेद आहे. कारागिराला काय बनवायचं ते आधीच ठाऊक असतं. कलावंताला आपल्याला काय म्हणायचं आहे ते म्हणून झाल्यावरच कळतं. रॉकचा सच्चेपणाचा दावा याच विचाराचा भाऊबंद आहे. पण तेच कॉलिंगवूड ग्रंथाच्या अखेरीस, कलाकृती एकट्याची असते ही समजूत मोडून काढतात. कर्ता, सादर करणारा आणि श्रोता यांच्या सहकार्यातून ती घडते असं सांगतात. पेरीचं काम या दोन विचारांच्या सांध्यावर आहे. अ‍ॅगिलेराने जे म्हटलं होतं, ते म्हटलं गेलं आहे हे तिला स्वतःला ऐकू आलं नव्हतं. पेरीला आलं. तिने आवाजात काही मिसळलं नाही, तो राहू दिला. पहिल्या प्रोड्यूसरच्या आणि तिच्या हस्तक्षेपात आम्हाला हा फरक दिसतो. तरीही इथे एका व्यक्तीच्या हट्टाने दुसरीचा हक्क मागे सारला, हे नाकारता येत नाही. प्रत्येक वेळी तो हट्ट बरोबर ठरेल याची हमी कोण देणार?

आणखी एक धोका आहे. कच्चं ते खरं, असा नियमच करून टाकला तर कच्चेपणाचीही पाककृती होते. मग पुन्हा ती कारागिरीच. पेरी या धोक्यातून सुटली याचा पुरावा पिंकचं 2001चं 'गेट द पार्टी स्टार्टेड'. पेरीनेच लिहिलेलं आणि घडवलेलं हे गाणं यंत्रावर बांधलेल्या तालाचं, सरळसरळ कृत्रिम आहे. यंत्राशी खेळता खेळता ते जन्मलं. त्यात ना दुःख, ना कबुली. तरी ते जिवंत आहे, कारण तेही आधी ठरवून नव्हे, ऐकता ऐकता सापडलेलं आहे. म्हणजे कसोटी कच्चेपणाची नाही. कसोटी कानाच्या प्रामाणिकपणाची आहे.

2015 साली तिला गीतकारांच्या 'साँगरायटर्स हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळालं. 2019च्या ग्रॅमीसाठी वर्षातील सर्वोत्कृष्ट प्रोड्यूसर म्हणून तिला नामांकन मिळालं. त्या विभागात 2004नंतर प्रथमच एका स्त्रीचं नाव आलं होतं. तो पुरस्कार तिला मिळाला नाही. पडद्यामागच्या कामाचं कर्तेपण मान्य व्हायला वेळ लागतो, बाईच्या बाबतीत अधिकच लागतो, एवढं या तारखांवरून दिसतं.

शेवटी एक कबुली. आम्ही अनेक वर्षं प्रबंध तपासले. लाल शाईने विद्यार्थ्यांची वाक्यं गुळगुळीत केली. 'हिचं सगळं खरं आहे' म्हणणाऱ्या त्या मुलाच्या प्रबंधातही एक ओबडधोबड पान होतं, आणि तेच एकमेव पान त्याचं स्वतःचं होतं. आम्ही ते दुरुस्त केलं. प्रबंध मान्य झाला, कोणाची तक्रार नव्हती. 'ब्यूटिफुल'ची ती हकीकत वाचली तेव्हा आम्हाला ते पान आठवलं.

कुठे हात घालायचा हे आम्हाला शिकवलं गेलं होतं. कुठे घालायचा नाही, हे ऐकून ठरवावं लागतं.