‘सब्जेक्ट टू’ : अर्थ आणि स्थान
मराठवाड्यासह राज्याच्या विभागांत विकासनिधीचे न्याय्य वाटप करण्याची विशेष जबाबदारी संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) अन्वये राज्यपालांवर सोपविता येते. मात्र या वाटपास एकंदर राज्याच्या गरजांचे ‘सब्जेक्ट टू’ हे पद जोडलेले आहे. त्याचा अर्थ ‘लक्षात घेऊन’ असा केल्यास अट सौम्य होते. ‘अधीन राहून’ असा केल्यास बंधनकारक होते. विधिभाषेत दुसराच अर्थ ग्राह्य होय. परंतु इंग्रजीत हे पद वाटपाच्या उल्लेखानंतर येते, मराठीत बहुधा आधी. त्यामुळे अट हीच मूळ तरतूद, असा वाचकाचा ग्रह होतो. नांदेड-लातूरच्या हिश्श्याचा विचार करणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे की, अट वाटपास मर्यादा घालते; ‘न्याय्य’ हे विशेषण पुसून टाकीत नाही.